आठ वर्षांच्या मुलीचं करिअर नंतर, आधी तुमचं

पत्र : सर, आम्ही नाशिकला राहतो. मुलगी आठ वर्षांची, मुलगा पाच. मुलीला पहिलीनंतर शाळेतून काढलं आणि तेव्हापासून घरीच शिकवतो. मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. सातपूरला एका औषध कंपनीत क्यूसीला, म्हणजे गुणवत्ता तपासणी विभागात, नऊ वर्षं होते, मुलांसाठी नोकरी सोडली. मिस्टर सॉफ्टवेअरमध्ये आहेत, आठवड्यातले तीन दिवस पुण्याला असतात. शाळेत वाया जाणारा वेळ वाचवून मुलीची आयआयटी किंवा परदेशातल्या चांगल्या विद्यापीठासाठी आतापासून तयारी करून घ्यायची आहे. एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, दहावी-बारावी केली तर जेईई देता येते का? जेईईच्या पूर्वतयारीचा फाउंडेशन कोर्स कितव्या वर्षी लावावा? वेळापत्रक जोडलं आहे, त्यात काय सुधारणा कराव्यात? मुलगी हुशार आहे, पण हल्ली फार चिडचिड करते.

उत्तर :

ताई, तुमचं पूर्ण पत्र चार पानांचं आहे. वर त्याचा सारांश दिलाय. पण त्या चार पानांतले मधले दोन परिच्छेद तुमचे नाहीत, हे वाचताना लगेच कळतं. ‘आउटपुट’, ‘अर्ली स्टार्ट’, ‘टाइम लीकेज’ ही भाषा तिथेच तेवढी येते, आणि पुढच्या परिच्छेदात धाकट्याच्या सर्दीपासून पुन्हा तुमचं पत्र सुरू होतं. वेळापत्रकही तुमच्या मिस्टरांनीच एक्सेलमध्ये केलेलं दिसतंय. आखणारे ते, राबवणाऱ्या तुम्ही. आठवड्यातले तीन दिवस ते उंटावरून शेळ्या हाकतात आणि रात्री फोनवर कोणता रकाना भरला, कोणता राहिला याची चौकशी करतात. हे मी लावलेलं अनुमान नाही, तुम्हीच लिहिलंय. तक्रारीच्या सुरात नाही, सहज लिहून गेलात.

त्या वेळापत्रकाचं आधी बघू. साडेसहाला सूर्यनमस्कार, मग वैदिक गणित एक तास, ऑलिम्पियाडच्या वर्कशीट दीड तास, ऑनलाइन कोडिंग, इंग्रजी वाचन, जेवणानंतर अबॅकस, जनरल नॉलेज, तासभर खेळ आणि सात ते आठ उजळणी. व्यायाम आणि खेळ सोडून मी बेरीज केली. साडेसात तास होतात. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला 200 दिवस आणि 800 तास अध्यापन सांगितलंय, म्हणजे दिवसाला सरासरी चार तास. तेही एका शिक्षकामागे तीस मुलं असतील असं धरून, ज्यात हजेरी आहे, रांगा आहेत, ‘बाई, याने माझं खोडरबर घेतलं’ आहे. तुमच्या घरी शिकवणाऱ्या एक, शिकणारी एक. शाळेत चार तासांत जे होतं ते समोरासमोर बसून दीड-दोन तासांत उरकतं. वाया जाणारा वेळ वाचवायला म्हणून तुम्ही मुलीला बाहेर काढलंत आणि शाळेच्या जवळपास दुप्पट तास तिला घाण्याला जुंपलंत. वर तिला मधली सुट्टी नाही, शेजारी बसणारी मैत्रीण नाही, शनिवारची अर्धी शाळा नाही.

आणि या रकान्यांत मराठी कुठेच नाही. आजी घरात असताना!

शाळा का सोडलीत ते तुम्ही एका ओळीत लिहिलंय. पहिलीत रोज सकाळी तिच्या पोटात दुखायचं आणि रविवारी दुखायचं नाही. हे कारण मला शंभर टक्के पटतं. त्या वयाचं मूल शब्दांत सांगू शकत नाही, पोटातून सांगतं. तुम्ही ते ऐकलंत, नातेवाइकांची बोलणी खाल्लीत आणि तिला घरी आणलंत. त्या निर्णयाबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण मग तो निर्णय तिच्या पोटासाठी होता. त्याचं आयआयटीच्या तयारीत रूपांतर कधी झालं, हा प्रश्न तुम्ही दोघांनी एकमेकांना विचारलाय का? आता पोट दुखत नाही म्हणता, चिडचिड होते. मला दोन्हींत फारसा फरक दिसत नाही. फरक इतकाच की तेव्हा रविवार होता.

आता तुमच्या तिसऱ्या पानावरचा प्रसंग. तुमच्या कॉलेजच्या दिवसांतला जुना सूक्ष्मदर्शक माळ्यावरून खाली आला. दह्याच्या निवळीचा थेंब काचपट्टीवर पसरून, वाळवून, मिथिलीन ब्ल्यूने रंगवून तुम्ही तिला दाखवलात. त्या भिंगाखाली फार काही दिसत नाही, निळसर काड्या आणि ठिपक्यांच्या माळा. तरी ती दोन तास तिथून हलली नाही. मग तिने स्वतःहून इडलीचं पीठ आणलं, बाबांचं लोणचं आणलं, नखातला मळही काढून झाला. पिठात यीस्टचे गोल दिसले तेव्हा ‘हे तर मोठे आहेत!’ म्हणून ओरडली. दोन दिवस दह्याच्या तीन वाट्या वेगवेगळ्या जागी ठेवून कुठलं लवकर लागतं ते पाहिलं, फ्रिजमधलं का लागलं नाही म्हणून तुमच्याशी वाद घातला. आणि हे सगळं झाल्यावर तुम्हाला विचारलं, ‘आई, हे अभ्यासात धरायचं का?’

तुम्ही लिहिलंय की त्या दिवशी वैदिक गणिताचा आणि वर्कशीटचा तास बुडाला, मिस्टर नाराज झाले, आणि तुम्हाला अपराधी वाटलं.

ताई, अपराधी वाटायचंच असेल तर त्या प्रश्नाबद्दल वाटू द्या. आठ वर्षांच्या मुलीला दोन तास जिवाणू पाहिल्यावर ते हिशेबात धरलं जाईल की नाही याची काळजी पडते. शाळेत जाऊन हे शिकली असती तर समजू शकलो असतो. ती हे तुमच्या स्वयंपाकघरात शिकली. तुम्ही तिला काय उत्तर दिलंत ते पत्रात नाही. ‘हो, यालाच म्हणतात अभ्यास’ असं दिलं असेल अशी आशा करतो. दिलं नसेल तर आज द्या.

मिस्टरांनी जोडलेल्या बातमीच्या कात्रणाबद्दल. गेली काही वर्षं घरी शिकवणारे निम्मे पालक माझ्याकडे हेच कात्रण घेऊन येतात. मुंबईच्या मालविका राज जोशीला 2016 मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, दहावी-बारावीचं प्रमाणपत्र नसताना अमेरिकेतल्या एमआयटीत प्रवेश मिळाला. बातमी खरी आहे. पण तिचा अर्थ ‘शाळा सोडली की एमआयटी’ असा लावणं चूक आहे. तिला प्रवेश मिळाला तो आंतरराष्ट्रीय संगणक ऑलिम्पियाडमधल्या तीन पदकांच्या जोरावर, दोन रौप्य आणि एक कांस्य. त्या ऑलिम्पियाडला आपल्या देशाचा चारच मुलांचा संघ जातो आणि त्यात जाणारी बहुतेक मुलं रीतसर शाळेत शिकत असतात. म्हणजे पदकासाठी शाळा सोडावी लागत नाही. दुसरं, तिने शाळा सोडली ती सातवीत, आठव्या वर्षी नाही. आणि सोडल्यावर ती बरेच विषय चाळत गेली, त्यातला प्रोग्रॅमिंग हा तिला भावला. कुणी अकरा ते बाराच्या रकान्यात तो टाकला नव्हता. तिसरी गोष्ट कात्रणात शेवटी आहे आणि तिच्यावर तुमच्या मिस्टरांनी मार्कर फिरवलेला नाही : बारावी नसल्याने आयआयटीचं दार तिला बंद होतं. म्हणजे तुम्हाला हव्या असलेल्या दोन गोष्टींपैकी एकीचा तो दाखला आहे आणि दुसरीच्या विरुद्धचा पुरावा. एका मुलीच्या असामान्य प्रवासावरून दुसऱ्या मुलीचा दिवस आखायचा नसतो.

तुम्ही विचारलेल्या परीक्षांचं थोडक्यात सांगतो. एनआयओएसच्या दहावीला वयाची 14 वर्षं पूर्ण लागतात, बारावीला 15. परीक्षा वर्षातून दोनदा होते. पाच विषयांसह ती बारावी झाली की जेईई देता येते, मेडिकलची नीट परीक्षाही देता येते, आणि आयआयटीसाठी बारावीच्या गुणांची अट इतर बोर्डांच्या मुलांना असते तीच. फाउंडेशन कोर्स आता नको, दहाव्या वर्षीही नको, आणि बाराव्या वर्षी विचारलंत तरी मी बहुधा नकोच म्हणेन. मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला आणि दोघांचे जन्मदाखले नीट फाइलला लावून ठेवा. पुढे राज्य मंडळाची परीक्षा बाहेरून देण्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म भरायची वेळ आलीच तर तो दाखला मागतात.

कायद्याचंही सांगायला हवं, कारण तुम्ही विचारलेलं नाही. सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत दाखल करणं हे पालकांचं कर्तव्य म्हणून शिक्षण हक्क कायद्यात लिहिलेलं आहे. त्यासाठी पालकांना दंड मात्र सांगितलेला नाही. घरी शिकवणारी कुटुंबं या मधल्या जागेत राहतात, हे माहीत असू द्या. पण त्याच कायद्यात तुमच्या कामाचं एक कलम आहे, चौथं. मूल मध्येच शाळेबाहेर राहिलं असेल तर त्याला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो आणि मागे पडलेल्या अभ्यासासाठी विशेष प्रशिक्षणही. म्हणजे परत जायचं ठरलं तर पहिलीनंतरची मुलगी दुसरीत बसवा असं कुणी म्हणणार नाही. ‘आता एकदा काढलं म्हणजे काढलं’ असं तुम्ही लिहिलंय, ते खरं नाही.

आणि धाकटा. तो रोज सकाळी ताईचं जुनं दप्तर भरतो, पाण्याची बाटली गळ्यात अडकवतो आणि खाली स्कूल व्हॅनचा हॉर्न वाजला की गॅलरीत धावतो, असं तुम्ही गमतीने लिहिलंय. मला त्यात गंमत वाटली नाही. त्याला शाळेत घाला. थोरलीला शाळा सोसली नाही म्हणून धाकट्यालाही सोसणार नाही असं काही नसतं. घरात एक शाळेत जातो आणि एक जात नाही, याने काही बिघडत नाही. नाशिकमध्ये चांगल्या मराठी शाळा आहेत. दोन-चार शाळांत स्वतः जाऊन या. भिंतीवरची चित्रं बघू नका, मधल्या सुट्टीत पोरं किती आवाज करतात ते ऐका. थोरलीलाही बरोबर न्या, पण तिला काही विचारू नका. तिला काही म्हणायचं असेल तर ती म्हणेल.

ती घरीच राहिली तर एक बदल आजच करता येईल. तुमच्या वेळापत्रकात खेळ साडेपाच ते साडेसहा आहे आणि तुम्हीच लिहिलंय की त्या वेळी खाली कुणी नसतं. बिल्डिंगमधली मुलं क्लासवरून सातला येतात, तेव्हा तुमची उजळणी सुरू होते. उजळणी काढून टाका, तिला सातला खाली सोडा. बाकी रकान्यांपैकी कोणते ठेवायचे ते तिला विचारा. अबॅकस जाईल बहुतेक. जाऊ द्या.

शनिवार मिस्टरांचा. सकाळी नऊपासून एकपर्यंत दोन्ही मुलं त्यांच्याकडे, लॅपटॉप बंद, आणि तुम्ही घराबाहेर. ही शिक्षा म्हणून सुचवत नाही. चार तास पाच वर्षांच्या मुलाच्या ‘का?’ला उत्तरं देत आठ वर्षांच्या मुलीकडून वर्कशीट सोडवून घेतली की एक्सेलमध्ये काय बसतं आणि काय बसत नाही हे सांगावं लागत नाही.

आता त्या चार तासांत तुम्ही काय करायचं? माझ्या मते चार पानांच्या या पत्रात करिअरचा खरा प्रश्न एकच आहे आणि तो तुम्ही विचारलेला नाही. नऊ वर्षं क्यूसीत काम केलेली सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ स्वतःची ओळख ‘सध्या काही करत नाही’ अशी करून देते. दिवसभर दोन मुलांना शिकवणारी बाई काही करत नाही, हे कुणी ठरवलं? आणि दुसरं, मुलांना घरी शिकवायचं म्हणजे आईने कायमचं घरी बसायचं, हा नियम कुठला? दोन पगारांच्या घरात हा त्याग नेहमी एकाच बाजूने होतो, त्याबद्दल माझं मत चांगलं नाही.

औषध कंपनीची शिफ्ट तुम्हाला सध्या जमणार नाही, हे मान्य. पण नाशिकच्या आसपास पाणी आणि अन्न तपासणाऱ्या प्रयोगशाळा आहेत, अन्नप्रक्रिया उद्योग आहेत, वायनरी आहेत. सूक्ष्मजीवांचं काम जाणणारं माणूस त्यांना लागतं, आणि काही जण अर्धवेळ किंवा करारावर घेतात. औषध कंपन्यांकडेच परतायचं असेल तर शेड्यूल एमचे, म्हणजे औषधनिर्मितीच्या दर्जाचे, सुधारित नियम डिसेंबर 2023 मध्ये अधिसूचित झालेत, ते बारकाईने वाचून काढा. मुलाखतीत त्यावर विचारतील ही शक्यता दाट आहे. खंड का पडला हेही विचारतील. तेव्हा खाली मान घालून ‘घरगुती कारण’ म्हणू नका, दोन मुलांना घरी शिकवलं असं सरळ सांगा.

पुढच्या पत्राबरोबर मला तुमचा बायोडेटा पाठवा. त्यात ‘क्यूसीचा नऊ वर्षांचा अनुभव’ एवढंच लिहून थांबू नका. स्टेरिलिटी टेस्ट, एंडोटॉक्सिन, पाण्याची तपासणी, एन्व्हायर्न्मेंट मॉनिटरिंग यांतलं काय काय हाताने केलंय, किती ऑडिटना समोर बसलात, कुणाला शिकवून तयार केलंत, हे सुटं सुटं लिहा. आणि तो मिस्टरांकडून एक्सेलमध्ये करून घेऊ नका.