शाळेचा फुटबॉल संघ: तयारी आणि जागेची निवड

मी आठवीत आहे. पावसाळ्यात आमच्या शाळेचा १४ वर्षांखालील संघ निवडणार आहेत. सहा आठवडे हातात आहेत. मला स्ट्रायकर व्हायचंय, पण अर्धा वर्ग त्याच जागेसाठी नाव देणार. तयारी कशी करू?
एक विद्यार्थी, डिचोली

धावण्याचा सराव सगळेच करतात. निवडीत मुलं मागे पडतात ती चेंडू पायात घेताना. पावसात आपली तांबड्या मातीची मैदानं फार फसवतात. ओल्या गवतावर चेंडू सपकन घसरत येतो आणि डबक्यात गेला की जागच्या जागी थांबतो. पाय ताठ धरून उभा राहिलास तर चेंडू आपटून दोन मीटर दूर जातो आणि समोरचा तो उचलतो. म्हणून चेंडू लागताक्षणी पाय किंचित मागे घ्यायचा. पाणी साचलेलं दिसलं तर वाट न बघता चेंडूकडे पुढे जायचं, आणि तिथून पास द्यायचा तर तो थोडा उचलून.

भिंतीपासून ४-५ मीटरवर उभा राहा आणि रोज २० मिनिटं पास मार. पहिल्या टचने चेंडू समोर न थांबवता डावी-उजवीकडे काढ, दुसऱ्या टचने परत भिंतीवर. निम्मा वेळ कच्च्या पायाने. तिसऱ्या आठवड्यापासून चेंडू येण्याआधी एकदा खांद्यावरून मागे बघायची सवय लाव. चेंडू ५ नंबरचाच हवा (वजन ४१० ते ४५० ग्रॅम). हलक्या प्लास्टिकच्या चेंडूवर बसवलेला अंदाज खऱ्या चेंडूवर चुकतो.

धावणं आठवड्यातून तीनच दिवस. दोन दिवस २० मीटरच्या आठ जोरदार धावा, प्रत्येकीनंतर मिनिटभर विश्रांती. तिसऱ्या दिवशी १५ सेकंद वेगात, १५ सेकंद चालत, असं आठ मिनिटं, पुढे वाढवत बारापर्यंत. रोज संथ चार किलोमीटर धावून दम वाढेल, पण सामन्यात लागतात त्या तुटक, वेगवान धावा. निवडीआधीचे दोन दिवस पाय हलके ठेव.

आता जागेचं. ती ठरवताना चेंडू तुझ्याकडे नसतो तेव्हा तू काय करतोस ते बघ. पाच-पाच जणांच्या खेळात मित्राला दहा मिनिटं फक्त तुझ्यावर नजर ठेवायला सांग. चेंडू गेल्यावर आपसूक मागे धावत असशील तर बॅक (बचावपटू) किंवा बचावाकडे झुकलेला मिडफिल्डर ही तुझी जागा. बाजूरेषेजवळ मोकळी जागा शोधत असशील तर विंग. सतत ओरडून इतरांना जागेवर लावत असशील तर सेंटर बॅक, म्हणजे गोलसमोरचा मधला बचावपटू. स्ट्रायकरला गोलकडे पाठ करून, मागून धक्के खात चेंडू धरून ठेवावा लागतो आणि ऑफसाइड न होता (म्हणजे पास सुटायच्या आधीच बचावपटूंच्या पुढे न जाता) नेमक्या क्षणी सुटावं लागतं. नुसती जोरदार किक पुरत नाही. डावखुरा असशील तर लेफ्ट बॅकसाठी आवर्जून नाव दे, तसे खेळाडू कमीच मिळतात.

सरांना दोन जागा सांग, दुसरी बचावातली असेल तर उत्तम. आणि चाचणीत तिघांना चकवायच्या नादी लागू नकोस. चेंडू हरवल्यावर पुढच्या पाच सेकंदांत तू काय केलंस हे अनुभवी प्रशिक्षक हमखास टिपतो.

मुलगा उंच म्हणून त्याला गोलकीपर करताहेत. तो नाराज आहे.
एक पालक, फोंडा

उंची हे एकच कारण पुरेसं नाही, तुमच्या मुलाची नाराजी रास्त आहे. चेंडू अंगावर येताना तो डोळे मिटतो का, गोल बसल्यावर पुढच्या मिनिटाला सावरतो का, हे बघा. दोन्ही जमत असेल तर महिनाभर करून पाहू द्या. ही जागा उरल्यासुरल्यांची नाही: आपल्याच गोव्याचे ब्रह्मानंद संखवाळकर गोलकीपर म्हणून भारताचे कर्णधार झाले आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ओल्या चेंडूसाठी एकच नियम पक्का करून घ्या: हातांमागे छाती किंवा गुडघा हवाच. नुसत्या तळहातांवर विसंबलं की चेंडू निसटून थेट स्ट्रायकरच्या पायात जातो.

मुलीने मे महिन्यात सराव सुरू केला आणि टाच दुखू लागली. नवे बूट घेऊ का?
एक आई, सांगे

वाढीच्या वयात टाचेच्या हाडाचा मागचा भाग अजून कोवळा असतो आणि पोटरीची शीर तिथे ओढ देते. त्यात कडक जांभ्याच्या जमिनीवर एकदम जास्त धावलं की ही दुखणी उठतात. टाच दोन्ही बाजूंनी दाबल्यावर कळ येते का बघा. येत असेल तर दोन आठवडे धावणं-उड्या बंद, चेंडूचा उभ्याने सराव चालेल. लंगडत असेल तर मात्र थेट डॉक्टरांकडे.

बूट घ्याल तेव्हा संध्याकाळी, खेळायचे मोजे घालून मापा. अंगठ्यापुढे करंगळीच्या रुंदीएवढी जागा सोडा, ‘वाढत्या पायाचे’ म्हणून मोठे घेऊ नका: पाय आत सरकतो आणि फोड येतात. पहिला आठवडा रोज अर्धा तासच घालू द्या. भिजले तर आत वर्तमानपत्र कोंबून सावलीत वाळवा. चुलीजवळ ठेवले तर सोल सुटतो.