अश्वशक्ती जास्त, तरी वेग कमी? वाचकांचे प्रश्न

स्पोर्ट्स कारचा कमाल वेग आणि पिकअप यांवर बरीच पत्रे आली आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : २०२१ ची पोर्शे ९११ जीटी३ (पीडीके हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) ५१० अश्वशक्तीची, कमाल वेग ताशी ३१८ किमी. २०२२ ची जीटी३ आरएस ५२५ अश्वशक्तीची, किंमतही कितीतरी जास्त, आणि वेग मात्र २९६! ही छपाईची चूक आहे का? – नाशिक

उत्तर : चूक नाही, दोन्ही आकडे बरोबर आहेत. इंजिनातून चाकांपर्यंत पोचणारी ताकद आणि हवा व रस्ता मिळून खाणारी ताकद जिथे सारखी होते, तिथे गाडीचा वेग वाढायचा थांबतो. ताशी २०० च्या पुढे रस्त्याचा वाटा लहान उरतो, बाकी सगळी हवा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तो विरोध मोडायला लागणारी ताकद मात्र वेगाच्या घनाच्या प्रमाणात. सगळी गोम या घनात आहे.

बुगाटी वेरॉनचे गणित मांडून पाहू. समोरून दिसणारे क्षेत्रफळ २.०७ चौरस मीटर. गाडी पूर्ण खाली बसवल्यावर ड्रॅग गुणांक, म्हणजे गाडीच्या आकाराला हवा किती अडवते त्याचे माप, ०.३६. हवेची घनता घनमीटरला १.२ किलो धरली, तर ताशी ४०७ किमीला नुसत्या हवेसाठी सुमारे ६४६ किलोवॅट, म्हणजे जवळपास ८८० अश्वशक्ती लागते. इंजिन १००१ अश्वशक्तीचे. उरलेली टायर आणि गिअरबॉक्स यांच्या घर्षणात जाते. तीच गाडी ताशी २५० ला हवेपायी फक्त २०५ अश्वशक्तीच्या आसपास खर्च करते. २०१० मध्ये वेरॉन सुपर स्पोर्ट १२०० अश्वशक्तीची झाली. ताकद २० टक्के वाढली तर घनमुळाच्या हिशेबाने वेग सहा टक्के वाढायला हवा, म्हणजे ताशी ४३२ किमी. प्रत्यक्षात ४३१ नोंदला गेला. दोनशे अश्वशक्ती ओतून हाती आले २४ किमी.

आता जीटी३ आरएस. तिच्या विंगमुळे आणि पुढच्या भागाच्या रचनेमुळे ताशी २०० ला ४०९ किलो आणि २८५ ला ८६० किलो एवढा दाब गाडीला रस्त्यावर रेटतो. हा डाउनफोर्स फुकट मिळत नाही, त्याची किंमत ड्रॅगमध्ये मोजावी लागते. दोन्ही गाड्यांची ताकद आणि वेग पाहून उलटे गणित केले, तर आरएसचा हवेचा विरोध साधारण पाव हिश्शाने जास्त निघतो. हा ढोबळ अंदाज समजा, कारण आरएसचा फायनल ड्राइव्ह, म्हणजे चाकांकडे जाणारा शेवटचा गिअरही आखूड केला आहे : चाकाच्या एका फेऱ्याला इंजिन जास्त फेरे घेते. त्या आखूड गिअरिंगने आणि रुंद टायरने ती शून्य ते शंभर ३.२ सेकंदांत जाते. जीटी३ ला ३.४ लागतात. जर्मनीतल्या नुर्बर्गरिंग ट्रॅकचा २०.८ किमीचा फेरा जीटी३ ने ६ मिनिटे ५९.९ सेकंदांत मारला, आरएसने ६ मिनिटे ४९.३ सेकंदांत. सरळ रस्त्यावर गमावलेला वेग तिने वळणांत व्याजासकट वसूल केला. ट्रॅकवर जायचेच नसेल तर आरएस घेऊन काय साधते, हा प्रश्न मात्र रास्त आहे.

प्रश्न : इंजिनाची ताकद दुप्पट केली तर शून्य ते शंभरचा वेळ निम्मा का होत नाही? – कोल्हापूर

उत्तर : कारण सुरुवातीच्या दोन-तीन सेकंदांत इंजिनाला विचारतो कोण? तिथे टायरची पकड ठरवते. कोरड्या डांबरावर पकडीचा गुणांक १ धरला (म्हणजे पकडीचे बळ चाकांवरच्या वजनाएवढे), तर गाडीला जास्तीत जास्त १ जी, म्हणजे सेकंदाला ९.८ मीटर प्रतिसेकंद एवढेच त्वरण मिळू शकते. ताशी शंभर म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर. भागाकार केला की २.८ सेकंद. हेही चारही चाकांना ताकद पोचत असेल तरच.

दोनच चाके ओढत असतील तर वजन कुठे आहे ते पाहावे लागते. पिकअप घेताना वजन मागे सरकते. सरकणारे वजन काढायचे तर गाडीचे वजन गुणिले त्वरण (जी मध्ये), गुणिले गुरुत्वमध्याची उंची, भागिले व्हीलबेस (पुढच्या व मागच्या चाकांमधले अंतर). उंची अर्धा मीटर आणि व्हीलबेस अडीच मीटर धरू. मागे इंजिन असलेल्या आणि मागच्या चाकांवर ६१ टक्के वजन असलेल्या गाडीला शंभर गाठायला किमान ३.७ सेकंद लागतील. वजन निम्मे-निम्मे आणि ड्राइव्ह मागची असेल तर ४.५. पुढची चाके ओढणारी, पुढे ६० टक्के वजन असलेली गाडी ५.७ च्या खाली येणार नाही, कारण तिच्या ओढणाऱ्या चाकांवरचेच वजन पळून जाते. इंजिन कितीही मोठे लावा, ती चाके जागेवर फिरून धूर काढतील. चांगल्या स्पोर्ट्स टायरचा गुणांक कोरड्यात १.१ ते १.२ पर्यंत जातो, त्यामुळे हे सगळे आकडे थोडे खाली येतात. ६५० अश्वशक्तीची, चारही चाकांची ९११ टर्बो एस २.७ सेकंद घेते, म्हणजे सरासरी १.०५ जी. जादा ताकदीचा खरा उपयोग शंभरच्या पुढे दिसतो. दोन गाड्यांची तुलना करायची असेल तर १०० ते २०० चा वेळ विचारा.

प्रश्न : माझ्या गाडीचा कंपनीने दिलेला आकडा ४.२ सेकंद आहे. मला पाचच्या आत येत नाही. गाडीत दोष आहे का? – पुणे

उत्तर : बहुधा नाही. आधी मोजमाप तपासा. फोनचे जीपीएस बऱ्याचदा सेकंदाला एकदाच नोंद घेते, तेवढ्यानेच निकाल अर्धा-पाऊण सेकंद इकडेतिकडे होतो. सेकंदाला किमान १० नोंदी घेणारे जीपीएस यंत्र वापरा. स्पीडोमीटर पाहून वेळ लावू नका. तो नियमानुसारच खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू शकत नाही, थोडा जास्तच दाखवतो.

मग वजन. १,४५० किलोच्या गाडीत तुम्ही, मित्र आणि सामान मिळून १५० किलो वाढले की दहा टक्के गेले. हवा ४० अंशांची असेल तर १५ अंशांच्या तुलनेत ती आठ टक्के विरळ असते आणि टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा) नसलेले इंजिन जवळपास तेवढीच ताकद गमावते. मॅन्युअलमध्ये ९५ किंवा ९८ ऑक्टेन लिहिले असताना ९१ चे पेट्रोल भरले, तर इंजिनातली ठकठक ओळखणारा नॉक सेन्सर इग्निशन मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडायला लावतो. आवाज येत नाही, पण ताकद जाते.

अमेरिकी मासिकांचे आकडे पाहत असाल तर आणखी एक मेख आहे. तिथे गाडी पहिला एक फूट सरकल्यावर घड्याळ सुरू करण्याची पद्धत आहे. १ जी त्वरणाने जाणारी गाडी त्या एका फुटात पाव सेकंद घालवते आणि तोवर ताशी जवळपास ९ किमीवर पोचलेली असते. शिवाय त्यांचे ६० मैल म्हणजे ९६.६ किमी.

हे सगळे बरोबर असेल तर सुटण्याची पद्धत बघा. जागा बंदिस्त ट्रॅकच हवी. इंजिन ऑइल पूर्ण गरम करा. टायरमधली हवा दरवाजाच्या चौकटीवरील स्टिकरप्रमाणे थंड असताना भरलेली असू द्या. स्पोर्ट मोड लावा, स्टिअरिंग अगदी सरळ धरा. ड्युअल क्लच (दोन क्लचचा ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स असेल तर डाव्या पायाने ब्रेक घट्ट दाबा, उजव्याने अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत. इंजिनाचे फेरे स्थिर झाले की एक-दोन सेकंदांत ब्रेक सोडा. जास्त वेळ दाबून धरलात तर ड्युअल क्लच तापतो आणि गिअरबॉक्स स्वतःच टॉर्क कमी करतो. म्हणून पाठोपाठ प्रयत्न करू नका, मध्ये काही मिनिटे गाडी सावकाश फिरवा. रस्त्यावर बारीक धूळ असेल तर यातले काहीच कामी येणार नाही.

प्रश्न : पिकअप टॉर्कने मिळतो आणि टॉप स्पीड अश्वशक्तीने, हे खरे का? – नागपूर

उत्तर : गॅरेजमध्ये हे वाक्य रोज ऐकू येते, पण ते अर्धेच खरे आहे. गाडी पुढे ढकलतो तो चाकावरचा टॉर्क, इंजिनाचा नव्हे. मध्ये गिअर असतात. २,००० फेऱ्यांवर ४०० न्यूटनमीटर देणारे डिझेल इंजिन घ्या. टॉर्कला फेऱ्यांनी गुणून ९,५४९ ने भागले की ८४ किलोवॅट मिळतात. दुसरे इंजिन ७,००० फेऱ्यांवर फक्त ३०० न्यूटनमीटर देते, पण ते २२० किलोवॅट. दोन्ही गाड्या त्याच वेगात असतील, तर दुसरी साडेतीन पट आखूड गिअर वापरू शकते. चाकावर तिचे ३०० चे १,०५० होतात, डिझेलचे ४०० च राहतात. त्या क्षणी उपलब्ध असलेली ताकदच पिकअपही ठरवते. खालच्या फेऱ्यांवर भरपूर टॉर्क असला की गिअर न बदलता गाडी ओढते. चालवायला ते सुखाचे, इतकेच.

प्रश्न : आठ गिअरच्या गाडीचा कमाल वेग सहाव्यातच का येतो? – ठाणे

उत्तर : सातवा आणि आठवा पेट्रोल वाचवण्यासाठी लांब ठेवलेले असतात. त्यांत इंजिनाचे फेरे इतके खाली येतात की पूर्ण ताकद निघतच नाही. ९११ कॅरेरा एस अशीच आहे.

प्रश्न : महाबळेश्वरला गाडी मंद वाटते. घाट चढून आल्याचा भास की खरेच? – सातारा

उत्तर : टर्बो नसेल तर खरेच. १,३५० मीटरवर हवा समुद्रसपाटीपेक्षा बारा टक्क्यांच्या आसपास विरळ असते आणि साध्या इंजिनाची ताकद साधारण तेवढीच घटते. गंमत म्हणजे हवेचा विरोधही तितकाच घटतो, त्यामुळे कमाल वेगात फारसा फरक पडत नाही. मार बसतो तो पिकअपला. टर्बो हवा दाबून ही तूट बरीचशी भरून काढतो. मेक्सिको सिटीचा ट्रॅक २,२४० मीटर उंचीवर आहे. तिथे फॉर्म्युला वनच्या टर्बो गाड्या मोनॅकोच्या वळणावळणाच्या ट्रॅकवर लावतात तसे मोठे विंग लावूनही सरळ रस्त्यावर ताशी ३५० ओलांडतात. मात्र तिथे टर्बोला जास्त फेरे घ्यावे लागतात आणि विरळ हवेत ब्रेक व इंजिन थंड ठेवणे अवघड होते.

प्रश्न : जुनी स्पोर्ट्स कार घेतोय. टायरची नक्षी चांगली आहे, ते चालतील ना? – पणजी

उत्तर : नक्षीवरून ठरवू नका. टायरच्या कडेवर वेगाचे अक्षर असते : व्ही म्हणजे ताशी २४० पर्यंत, डब्ल्यू २७०, वाय ३००, आणि कंसातला वाय म्हणजे ३०० च्या पुढे. आधीच्या मालकाने स्वस्तातले टायर बसवले असतील तर गाडीची खरी मर्यादा त्या अक्षरावर आली. बनावटीची तारीख चार अंकांत असते. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. रबर कडक झालेला टायर नक्षी शाबूत असूनही पकड गमावतो. ताशी ३०० ला टायरच्या पृष्ठभागावरचा एक ग्रॅम रबर सुमारे दोन किलोच्या ओढीने बाहेर जाऊ पाहतो. हवा कमी असेल तर कडा प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, आतून तापते आणि वरचा थर सुटतो. वेरॉन सुपर स्पोर्टचा ग्राहकांसाठीचा वेग ४१५ वर बांधला होता तो टायरसाठीच.

प्रश्न : कमाल वेग दोन्ही दिशांना मोजतात तो कशासाठी? आणि भारतात असा वेग कुठे मोजता येईल? – इंदूर

उत्तर : वारा आणि उतार यांचा फायदा कापून टाकण्यासाठी. नोव्हेंबर २०१७ मध्ये नेवाडातल्या रस्त्यावर कोनिगसेग अगेरा आरएसने एका दिशेने ताशी ४५७.९ किमी गाठले, परतताना ४३६.४. तीच गाडी, तोच रस्ता, तरी फरक २१ किमीहून जास्त. नोंद झाली ती सरासरीची, ४४७.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या शेजारीच आहे. पिथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्रातला ११.३ किमीचा अंडाकृती ट्रॅक २०२१ मध्ये सुरू झाला. त्याची वळणे अशी तिरपी केली आहेत की ताशी २५० ला स्टिअरिंग न ओढता गाडी वळते, आणि वळणावरची कमाल मर्यादा ३७५ आहे. रस्त्यावरची गोष्ट वेगळी : समृद्धी महामार्गावर मोटारीला १२० ची परवानगी आहे, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या सपाट भागात १००.