अमेरिकेतल्या हिस्पॅनिक वारसा महिन्याचा एचआयव्ही जनजागृतीशी काय संबंध?

तारखेचा संबंध तर आहेच. हिस्पॅनिक किंवा लॅटिनो, म्हणजे स्पॅनिशभाषक देशांत वा लॅटिन अमेरिकेत मुळं असलेल्या समाजाचा हा महिना १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर असतो आणि त्याचा शेवटचा दिवस २००३ पासून लॅटिनो एड्स जागृती दिन म्हणून पाळतात. पण खरी निकड वेगळीच आहे. लोकसंख्येत जेमतेम पाचवा हिस्सा असलेल्या या समाजात २०२२ साली एचआयव्हीचे जवळपास एक तृतीयांश नवे संसर्ग झाले. भाषेची अडचण, विमा नाही, स्थलांतराची कागदपत्रं नसल्याची भीती, त्यात ‘लोक काय म्हणतील’. माणसं दवाखान्याची पायरी चढतच नाहीत. म्हणून ‘प्रोमोतोरा’, म्हणजे त्याच वस्तीतल्या आरोग्यसेविका, घरी, चर्चमध्ये, मेळ्यात जाऊन स्पॅनिशमध्ये बोलतात. एचआयव्ही चाचणीसाठी बोटाला सुई टोचायची, वीसेक मिनिटांत निकाल. संसर्ग टाळणारी प्रेपची गोळी तर २०१२ पासून आहे. ती गरजूंपैकी थोड्यांनाच मिळते, याचं फार वाईट वाटतं.