आधी मैत्रिणीच्या घरी जा

«ताई, मी बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातली. आजीच्या बोलण्याचे छोटे व्हिडिओ टाकते. तिचं 'काय करूलालास' ऐकून कुणी लिहितं, ही कसली मराठी? कुणी लिहितं, महाराष्ट्रात चालती हो. चार दिवस गप्प बसले, मग मीही कानडी लोकांबद्दल वाट्टेल ते लिहिलं. शेजारची कानडी मैत्रीण आता बोलत नाही. व्हिडिओ बंद करू का?» – आजीची नात

प्रिय नात,

व्हिडिओ बंद करू नकोस. आजीची बोली तू जपून ठेवते आहेस, मला त्याचं फार मोल वाटतं.

चालत्या होडीमागे गळ ओढत न्यायचा आणि काय लागतंय ते बघायचं, असा 'ट्रोल'चा एक अर्थ मासेमारीतला आहे. आपल्याकडे आमिष शोधावंही लागत नाही. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासूनची जखम आहे. दर १ नोव्हेंबरला इथे कुणाचा राज्योत्सव असतो, कुणाचा काळा दिवस. ते दुःख खरं आहे, म्हणूनच त्यावर बोट ठेवलं की आपण लगेच उसळतो.

सगळेच गळ टाकणारे नसतात. 'ही कसली मराठी' म्हणणाऱ्याला एकदा नीट सांग, की आमचा शेजार कानडीचा, आणि तुमच्या घरातले 'अक्का', 'अण्णा'ही तिकडूनच आलेत. ज्याला जाणून घ्यायचंय तो पुढचं विचारेल. जो आजीच्या लुगड्यावर घसरेल, त्याला दुसरं उत्तर देऊ नकोस. इन्स्टाग्रामवर 'रिस्ट्रिक्ट' केलंस की त्याची नवी कमेंट त्याची त्यालाच दिसते. शिव्या फिल्टरमध्ये घालताना मराठी, कन्नड आणि इंग्रजी अक्षरांतल्याही घाल.

धमकी आली किंवा फोटोत फेरफार झाला, तर काहीही पुसण्याआधी स्क्रीनशॉट, लिंक, तारीख ठेव आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार कर. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ कलम लाव असं कुणी सांगेल. ते सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्येच रद्द केलं. धमकीसाठी भारतीय न्याय संहितेचं ३५१ कलम आहे.

पत्रातलं मैत्रिणीचं वाक्य मात्र मला सलतंय. समोरचा दिसत नसला की माणूस एरवी न बोललेलं बोलून जातो, असं मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी २००४ मध्ये मांडलं. लिहिताना तुझ्यासमोरही तिचा चेहरा नव्हता. चिडवलं कुणी परक्याने आणि लागलं तिला.

ती कमेंट काढ, आणि 'मी चुकीचं लिहिलं होतं' हे तिथेच लिही. ज्यांनी ती वाचली त्यांनाही कळू दे. पण त्याआधी तिच्या घरी जा. मेसेज नको. येईल तेवढ्या कानडीत बोल, 'तप्पायितु', म्हणजे 'चुकलं', म्हण. तुला किती चिडवलं होतं ते सांगत बसू नकोस. ती रागावली तर ऐकून घे, आणि आज बोलली नाही तर चार दिवसांनी पुन्हा जा.

– तुझी ताई