झुडूप फुलत नाही, फुललं तर फळ धरत नाही : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : दुरांताचं कुंपण चार वर्षांचं आहे. पानं पिवळीधमक, दाट. पण जांभळे तुरे आणि फळांचे घोस एकदाही आले नाहीत. खत वाढवावं का?

उत्तर : खत नको, कात्री आवरा. दुरांता नव्या फुटीच्या टोकाला फुलतो आणि दर पंधरवड्याला कुंपण सपाट करताना नेमके तेच शेंडे उडतात. काटेकोर कुंपण आणि लटकणारे घोस एकाच झाडाकडून मिळत नाहीत. टोकाची एक-दोन झाडं मोकळी सोडा. वर्षातून एकदाच, फळं संपल्यावर, त्यांच्या फांद्या एक तृतीयांशाने कमी करा आणि नंतर शेंड्यांना हात लावू नका. सुकलेले तुरेही ठेवा, फळं त्यांच्यावरच धरतात. दिवसाला सहा तास थेट ऊन हवंच. पिवळ्या पानांच्या जाती हिरव्यांइतक्या भरभरून फुलत नाहीत, तेव्हा अपेक्षा बेताची असू द्या. दुरांताची फळं विषारी आहेत. घरात लहान मूल किंवा कुत्रा असेल, तर फळांचा हट्ट न धरलेलाच बरा.

प्रश्न : होलीची (नाताळच्या सजावटीतलं काटेरी पानांचं, लाल फळांचं झुडूप) दोन झाडं शेजारी-शेजारी आहेत. दोन्ही दरवर्षी फुलतात, तरी एकालाही लाल फळ नाही. जोडी लावली की फळं येतात ना?

उत्तर : जोडी नर-मादी असेल तर! होलीत नर आणि मादी झाडं वेगळी असतात, आणि तुमची दोन्ही बहुधा एकाच लिंगाची आहेत. बहरात दोन्ही झाडांची चार-चार फुलं तोडून भिंगाखाली पाहा. फूल जेमतेम नखाएवढं, चार पांढऱ्या पाकळ्यांचं. मधोमध हिरवा, फुगीर, मण्यासारखा अंडाशय दिसला तर झाड मादी. तिच्यातही चार पुंकेसर असतात, पण खुरटे आणि परागाविना. त्यांना पाहून बरेच जण फसतात. नराच्या फुलात पुंकेसर लांब, बोट लावलं तर पिवळी पूड लागते, आणि मधला मणी जवळजवळ नसतोच.

दोन्ही माद्या निघाल्या तर एक नर आणा. आसपासच्या अनेक माद्यांना तो एकटा पुरतो. मात्र तो त्याच प्रकारचा, त्याच सुमारास फुलणारा असावा. यंदापुरता उपाय म्हणजे कुणाकडच्या नर झाडाच्या फुललेल्या डहाळ्या आणून मादीखाली पाण्याच्या बादलीत ठेवणं. उरलेलं काम मधमाश्या करतात. म्हणून बहरात कीटकनाशक अजिबात मारू नका. दोन्ही नर निघाले, तर मात्र कितीही खत घातलंत तरी फळ येणार नाही.

खरेदी करताना नावावर जाऊ नका. ‘गोल्डन किंग’ ही मादी आहे आणि ‘सिल्व्हर क्वीन’ हा नर! एकाच झाडापुरती जागा असेल तर ‘जे. सी. व्हॅन टोल’ घ्या, ती नराशिवायही फळते. शिवाय बहरातच थंडीचा कडाका पडला तर फुलं करपतात आणि त्या वर्षी फळधारणा बुडते. त्यात झाडाचा दोष नसतो.

प्रश्न : भिंतीलगतचा पायराकांथा (लाल-केशरी फळांचं काटेरी झुडूप) दर हिवाळ्यात छाटतो. फुलं फार थोडी येतात. का?

उत्तर : तो मागच्या वर्षीच्या लाकडावर फुलतो. हिवाळ्यात तुम्ही पुढचा बहरच छाटून टाकता. यंदा छाटणी टाळा. बहर ओसरल्यावर, हिरवी फळं दिसू लागली की त्या वर्षीची लांब फूट दोन-तीन पानांवर आखडती घ्या. फळं उघडी पडून रंगतात आणि उरलेल्या आखूड फांद्या पुढच्या वर्षी फुलतात. फळांवर काळे, खरखरीत डाग पडत असतील तर तो खवड्या रोग. डागाळलेल्या डहाळ्या काढून जाळा.

प्रश्न : कुंडीतल्या बोगनवेलीला रोज पाणी घालतो. नुसती पानंच वाढतात.

उत्तर : रोजचं पाणी हेच कारण. वरची दोन इंच माती कोरडी होऊ द्या, पानं जरा मलूल झाली की मगच भरपूर पाणी घाला. नत्रयुक्त खत थांबवा आणि कुंडी बदलू नका. मुळं दाटलेली असली तर ही वेल उलट जास्त फुलते. अर्थात, सावलीत ठेवून यातलं काहीच उपयोगाचं नाही.

प्रश्न : जास्वंदीच्या कळ्या उमलण्याआधीच पिवळ्या पडून गळतात.

उत्तर : गळलेली कळी ब्लेडने उभी चिरा. आत बारीक पांढुरक्या अळ्या असतील तर कळीमाशी आहे. ती फवाऱ्याने आटोक्यात येत नाही, कारण अळी कळीच्या आत असते आणि पुढे कोष करायला मातीत उतरते. म्हणून गळलेल्या आणि पिवळ्या पडू लागलेल्या कळ्या रोज वेचून, पिशवीत घट्ट बांधून कचऱ्यात टाका. खताच्या खड्ड्यात नको. हे काही आठवडे न चुकता करावं लागतं. अळ्यांऐवजी पाकळ्यांच्या घड्यांत पळणारे रेघेएवढे किडे दिसले तर ते फुलकिडे. लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल, थोडा द्रव साबण घालून, संध्याकाळी फवारा, आठवड्याने पुन्हा. आत काहीच सापडलं नाही तर पाणी तपासा. एकदा कडकडीत कोरडं आणि एकदा चिखल, असं झालं की पहिल्यांदा कळ्याच झडतात. कुंडी भर कळ्यांत असताना तिची जागा बदलली, तरी तेच होतं.