क्वांटाइझ केलं आणि तबला विस्कटला

प्रश्न: आमच्या खिडकीखालून लोकल जातात म्हणून शेवटची गाडी गेल्यावर रेकॉर्डिंग करतो. मित्राचा तबला घेतला, केरवा, क्लिक (कानात वाजणारी टिकटिक) मिनिटाला १२० ठोक्यांवर, एक माइक तबल्याला एक डग्ग्याला. वायर हाताला लागते म्हणून त्याला ब्लूटूथ हेडफोन दिला. वाजवताना मस्त वाटलं पण लॉजिकमध्ये (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) बघितलं तर सगळं ७०एक मिलिसेकंद मागे. सोळाच्या ग्रिडवर (ठोक्याला चार रेषा) शंभर टक्के क्वांटाइझ केलं, म्हणजे बोल रेषांवर ओढले, तर काही बोल जागेवर बसले, काही भलतीकडेच गेले. मित्र म्हणतो तू माझा तबला बिघडवलास.
– एक वाचक, कळवा

उत्तर: मित्राचं बरोबर आहे. (आणि मध्यरात्री तबला ऐकून घेणारे शेजारी मिळाले तुम्हाला, नशीबवान आहात.)

घोळ हेडफोनचा आहे. ब्लूटूथमधून क्लिकच उशिरा पोचत होती, तो बिचारा तिच्याबरोबर अगदी लयीत वाजवत होता, आणि हा उशीर लॉजिकला नीट कळत नाही म्हणून पुरता भरूनही निघत नाही. आता १२० ला सोळाचा एक खण १२५ मिलिसेकंदांचा, म्हणजे अर्धा खण साधारण ६२. जो बोल ६० ने मागे होता तो आपल्या रेषेवर परत आला, जो ७५ ने होता त्याला पुढची रेषा जवळ, तो तिकडे गेला. क्वांटाइझला फक्त जवळची रेषा कळते, बोल कुठला ते नाही.

तेव्हा आधी सगळं अनडू करा, दोन्ही ट्रॅक एकत्र निवडून ७० मिलिसेकंद डावीकडे सरकवा आणि नुसतं ऐका. बहुतेक तिथेच काम होईल, खरंच.

तरी काही बोल खटकले तर दोन्ही ट्रॅकचा ग्रुप करून त्यात क्वांटाइझ-लॉक्ड चालू करा, म्हणजे दोन्ही बरोबरच सरकतील. दोन माइकचे ट्रॅक वेगवेगळे सरकले की तोच बोल दोनदा ऐकू येतो नाहीतर आवाज पोकळ होतो. फ्लेक्समध्ये (लॉजिकमधली बोल पुढेमागे सरकवायची सोय) स्लायसिंग मोड घ्या, त्यात आवाज ताणला जात नाही, डग्ग्याचा घुमारा ताणला की थरथरतो आणि ते लगेच कानाला कळतं. क्यू-स्ट्रेंग्थ (बोल रेषेकडे किती ओढायचा ते) ५०-६० टक्क्यांच्या वर नको, केरव्याचा झोल, म्हणजे त्याचं डुलणं, रेषांच्या मधेच असतो, तो पुसलात तर मशीनच वाजवायचं होतं ना.

पुढच्या वेळी वायरवालाच हेडफोन द्या. वायर शर्टाच्या आतून पाठीवरून मागे काढायची, हाताला लागत नाही.