‘विम्यात नको, मी देतो’ म्हणाला आणि आता फोन उचलत नाही

तुमची हकिकत थोडक्यात अशी: सिग्नलला गाडी उभी होती, मागून धडक बसली. मागचा माणूस उतरून हात जोडत म्हणाला, ‘विम्याचं लफडं नको, जो खर्च येईल तो मी देतो.’ तुम्ही नंबर घेतला, फोटो काढले आणि घरी आलात. आज तीन आठवडे झाले, तो फोन उचलत नाही. काल मात्र त्याच्या विमा कंपनीतून फोन आला. त्यांना तुमचा जबाब रेकॉर्ड करायचाय आणि एका रकमेत ‘पूर्ण व अंतिम’ मिटवायचंय. स्वतःच्या कंपनीला तुम्ही अजून काहीच कळवलेलं नाही. पैसे घेऊन मोकळं व्हावं का, असा तुमचा प्रश्न आहे.

आत्ता घेऊ नका. मी अकरा वर्षं मोटार क्लेमच्या टेबलावर काढली आहेत. काल तुम्हाला आलेला तो गोड आवाज एकेकाळी माझाच असायचा.

सगळ्यात आधी आजच स्वतःच्या कंपनीला कळवा. अपघात ‘ताबडतोब’ कळवावा अशी अट जवळपास प्रत्येक पॉलिसीत असते आणि तीन आठवडे म्हणजे ताबडतोब नव्हे. उशीर का झाला ते खरं-खरं लिहा: समोरच्याने पैसे देण्याचं कबूल केलं होतं, म्हणून थांबलो. तारीख मात्र पुढे-मागे करू नका. उशीर कंपन्या पुष्कळदा पोटात घालतात, खोटी तारीख सापडली की सबंध क्लेमच संशयात जातो. बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जाईल ही धास्ती असेल तर लक्षात घ्या, कळवणं वेगळं आणि क्लेम घेणं वेगळं. ‘सध्या फक्त माहितीसाठी कळवत आहे, क्लेमचा निर्णय नंतर कळवेन’ हे वाक्य ईमेलमध्ये घाला आणि बोनसवर काय परिणाम होईल ते त्यांच्याकडून लेखी मागा.

आता तो माणूस. तो लबाडच असेल असं नाही. रस्त्यावर त्याला फक्त ओरखडा दिसला असेल आणि गॅरेजचं एस्टिमेट बघून पाय गळाले असतील. शिवाय परस्पर चूक कबूल करू नये, पैशांचं वचन देऊ नये, असं त्याच्याही पॉलिसीत बहुधा लिहिलेलं असतं. ते त्याला नंतर कुणीतरी वाचून दाखवलं असणार. त्यामुळे फोनवर फोन करू नका, धमक्या तर नकोतच. एकच मेसेज पाठवा: ‘अमुक तारखेला, अमुक वाजता, अमुक चौकात तुमच्या गाडीची माझ्या उभ्या गाडीला मागून धडक बसली. खर्च देण्याचं तुम्ही सांगितलं होतं. एस्टिमेट सोबत जोडलं आहे. मी माझ्या विमा कंपनीला कळवलं आहे. तुमचा पॉलिसी नंबर कळवा.’ राग, टोमणा काही नको. हा मेसेज उद्या तिसरा माणूस वाचणार आहे असं धरून लिहा. त्याने उत्तर दिलं नाही तरी तुमची बाजू तारखेसकट नोंदली जाते.

त्याच्या कंपनीशी तुमचा कसलाही करार नाही. त्यामुळे त्यांना रेकॉर्डेड जबाब देण्याचं बंधन सहसा तुमच्यावर नसतं. स्वतःच्या कंपनीला सहकार्य करण्याचं असतं, या दोन्हींची गल्लत करू नका. ‘प्रश्न लेखी पाठवा, लेखी उत्तर देते’ किंवा ‘देतो’, एवढं नम्रपणे म्हणायचं. बोलायची वेळ आलीच तर या टेबलावरची एक खुबी सांगते. पहिला प्रश्न असतो, ‘कसे आहात?’ माणूस सवयीने म्हणतो, ‘मजेत.’ तेवढंच फायलीत जातं: दुखापत नाही. पुढचे प्रश्न अंदाजाचे असतात. मागची गाडी किती वेगात होती? किती अंतरावर होती? तुम्ही पुढे बघत होता, मागच्या गाडीचं अंतर तुम्हाला कसं कळणार? ‘माहीत नाही’ हे पूर्ण उत्तर आहे. माणसं लाजेखातर आकडा सांगतात आणि मग त्या आकड्याला बांधली जातात.

‘तुम्ही अचानक ब्रेक मारला’ असंही म्हणतील. तुमची गाडी उभीच होती, पण हिशेब ठाऊक असू द्या. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला जवळपास १४ मीटर जाते. चालकाचं लक्ष जाऊन पाय ब्रेकवर पोचायला दीड सेकंद धरला तर ब्रेक लागण्याआधीच २१ मीटर संपले. तेवढं अंतर ठेवणं मागच्याचं काम असतं. अर्थात मागून धडकला म्हणजे तोच शंभर टक्के दोषी असं आपोआप ठरत नाही. पुढच्या गाडीचे ब्रेक लाइट बंद असतील किंवा ती मागे घेतली जात असेल तर चित्र बदलतं. तुमचे ब्रेक लाइट चालू आहेत ना, ते आज बघून घ्या आणि व्हिडिओ काढून ठेवा.

चूक कोणाची हे रस्त्यावर ठरवायचंच नसतं. युरोपात अपघातानंतर दोन्ही चालक मिळून एक ठरावीक फॉर्म भरतात. त्यात १७ चौकटी असतात, ‘उभी होती’, ‘मागे घेत होता’, ‘लेन बदलत होता’ अशा. खाली गाड्यांचं रेखाचित्र आणि दोघांच्या सह्या. ही सही म्हणजे दोषाची कबुली नव्हे, असं त्या फॉर्मवरच छापलेलं असतं. मला ती कल्पना फार आवडते. तुम्हीही तसंच एक पान आज लिहून काढा, आठवण ताजी आहे तोवर. फक्त काय घडलं ते लिहा, कोणामुळे ते नको.

आता ‘पूर्ण व अंतिम’. इथे मी स्वतः तोंडघशी पडले आहे. माझ्या उभ्या गाडीला एकाने मागून ठोकलं. बंपरवर हाताच्या तळव्याएवढा ओरखडा, बाकी काही नाही. त्याने खर्च लगेच दिला आणि मी त्याला कागदावर लिहून दिलं, ‘माझं आता काही म्हणणं नाही.’ दोन महिन्यांनी पावसात डिकीत पाणी आलं. गॅरेजवाल्याने बंपर उतरवला तर आतली लोखंडी पट्टी वाकलेली आणि स्टेपनीच्या खळग्याच्या पत्र्याला सुरकुती. बंपरचं बाहेरचं प्लास्टिक दाबलं जाऊन परत फुगतं, आतलं लोखंड फुगत नाही. माझ्या कंपनीने तो कागद बघितला आणि विचारलं, ‘तुम्ही त्याला मोकळं केलंय, आता आम्ही वसूल कोणाकडून करायचं?’ नियम तोंडपाठ असलेल्या बाईची ही कथा.

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. तुमची पॉलिसी सर्वसमावेशक असेल तर तुमची कंपनी आधी तुम्हाला पैसे देते, त्यातून तुमचा ठरलेला वाटा वजा करते आणि मग समोरच्याकडून किंवा त्याच्या कंपनीकडून वसूल करते. याला सब्रोगेशन म्हणतात. वसुली झाली की तुमचा वाटाही बऱ्याचदा परत मिळतो, तो मागायला विसरू नका. पण अंतिम कागदावर सही झाली की हा रस्ताच बंद होतो. ‘फायनल’ लिहिलेला चेक खात्यात भरणं हीसुद्धा संमती धरली जाऊ शकते, म्हणून चेक आला तर ड्रॉवरमध्ये ठेवा. पॉलिसी फक्त थर्ड पार्टी असेल तर स्वतःच्या कंपनीकडून गाडीचं काही मिळणार नाही. मग मागणी त्या चालकावर आणि त्याच्या कंपनीवरच करावी लागेल आणि तिथे एखाद्या वकिलाचा तासभर घेणं परवडतं.

मान आखडल्याचं तुम्ही जाता जाता लिहिलंय. ते जाता जाता लिहिण्यासारखं नाही. मागून धडक बसली की मानेला झटका बसतो आणि दुखणं काही तासांनी, कधी एक-दोन दिवसांनी वर येतं. डॉक्टरांना दाखवा, अपघाताची तारीख केसपेपरवर लिहायला सांगा. दुखापतीचे नियम ठिकाणागणिक बदलतात. न्यूझीलंडमध्ये १९७४ पासून चूक कोणाची हे न बघता दुखापतीची भरपाई मिळते, बहुतेक ठिकाणी तसं नाही. त्यामुळे गाडीचं आणि शरीराचं एकाच कागदात मिटवू नका. गाडीपुरतं वेगळं मिटवायचं असेल तर कागदावर ‘फक्त वाहनाचे नुकसान’ असे शब्द हवेत.

पुराव्याचं म्हणाल तर चौकातल्या दुकानांचे कॅमेरे जुनं चित्रण काही दिवसांत पुसतात, तीन आठवड्यांनी आशा कमी आहे. तरी आज विचारून या. डॅशकॅम असेल तर कार्ड काढून ठेवा. फोटो मोबाइलमधले मूळच जपा. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत वेळेची आणि जागेची छुपी नोंद उरत नाही.

आणि गॅरेजला जायच्या आधी एक करा. डिकी बंद करून झाकणाच्या दोन्ही बाजूंच्या फटी बघा. एका बाजूला करंगळी जाते आणि दुसरीकडे नखसुद्धा शिरत नाही, असं असेल तर विमा कंपनीतर्फे नुकसान तपासणाऱ्या सर्व्हेअरला बंपर उतरवूनच बघायला सांगा. तोपर्यंत त्या रकमेला हो किंवा नाही, काहीच म्हणू नका.